पलीकडे जाणारी ऊब

१

लोकांच्या घरात शिरायचं आणि त्यांच्या भिंती ठोकून बघायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचं. ठस्स आवाज आला तर दगड, पोकळ आला तर मागे काहीतरी बसवलंय. मग माळ्यावर डोकं घालायचं, खिडक्यांच्या काचा बघायच्या, घर तापवणाऱ्या बॉयलरचं वय विचारायचं आणि शेवटी दाखल्यावर घराला एक अक्षर द्यायचं. 'ए' म्हणजे ऊब धरून ठेवणारं गुणी घर, 'जी' म्हणजे नुसती चाळण. 'ई'च्या खाली घसरलं तर ते घर भाड्यानं देता येत नाही, असा कायदाच आहे. त्यामुळे आमच्या खोऱ्यातले सगळे घरमालक मला बघून गोड हसतात आणि माझी पाठ वळली की शिव्या घालतात. घालू देत. मीही काही कमी घालत नाही.

बॅरी मिजली हा त्यातल्या त्यात बरा. ऑक्टोबरात त्याचा फोन आला.

"लिनेट, प्रॉव्हिडन्स स्ट्रीटवरचं ते कडेचं घर बघून ये गं. दाखल्याची मुदत संपलीय."

"डोरीनमावशीचं घर?"

"घर माझं आहे. ती राहते."

"बरं बाबा, तुझं. तुला सांगते, ते 'एफ' येणार."

"तर मग मी विकतो. सुट्टीवाल्यांना आठवड्याच्या भाड्यानं घरं देणारे लोक माझ्या दारात रांग लावून उभे आहेत."

"आणि मावशी कुठं जाईल?"

"मला वाईट वाटतंच गं."

"तुझ्या वाईट वाटण्यावर तिची किटली उकळत नाही, बॅरी," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझा जळफळाट झाला होता.

डोरीन ग्रीनवुड आमच्या शाळेत जेवण वाढायची. गावातली निम्मी पोरं तिला मावशीच म्हणायची. माझी आई गेली त्या हिवाळ्यात ती माझ्या ताटलीत कस्टर्डचा दुसरा डाव ओतायची आणि वर "खा मुकाट्यानं, हाडं दिसायला लागलीत" म्हणून दटावायची. प्रॉव्हिडन्स स्ट्रीटच्या त्याच घरात तिचा जन्म झाला, त्याच घरात ती म्हातारी झाली. तिला तिथून हलवायचं म्हणजे झाडाला म्हणायचं, जरा सरक.

म्हणून मी ठरवूनच गेले, की काय वाटेल ते होवो, या घराला 'ई' मिळवून द्यायचाच.

दगडी घरांची ती चढावरची ओळ. मावशीचं घर आता ओळीच्या टोकाला आहे, पण बांधलं तेव्हा नव्हतं. पलीकडे आणखी एक घर होतं, ते मी जन्मायच्या आधीच पाडलं. आता तिथं नुसती मोकळी जागा, कचऱ्याचे डबे आणि खाजऱ्या झुडपांचं रान. आत शिरले तर खोलीत नेहमीचंच सामान: छोटा विजेचा हीटर, बंद पडलेली फायरप्लेस आणि तिच्याशेजारी मावशीची खुर्ची. खुर्ची मात्र मला खटकली. तिची पाठ त्या कडेच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवली होती. घरातली सगळ्यात गार भिंत तीच असणार. शहाणं माणूस तिथून लांब बसतं.

मावशी आल्याचा केक आणायला आत गेली. मी सवयीनं त्या भिंतीवर दोनदा ठोकलं.

आत बशी फुटली.

मावशी दारात आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ठोकलंस?"

"भिंत भरीव आहे का बघितलं. कामच आहे माझं."

"त्या भिंतीवर नाही ठोकायचं, पोरी."

"अगं मावशी, पलीकडे घरच नाही. डबे आहेत डबे!"

"पलीकडे काय आहे ते मला नको सांगूस."

मला हसू आलं, पण मग आजीची आठवण झाली. आमच्याकडच्या या दगडी ओळींत जुन्या बायकांची रीत होती. शेजारणीला बोलवायचं तर विस्तव सारायची सळई घेऊन फायरप्लेसच्या मागे दोनदा ठोकायचं. शेजारीण उलटून दोनदा ठोकायची, म्हणजे 'आले गं', आणि मागच्या दारानं हजर व्हायची. ज्या बाईनं ठोकलं तिनं चहा करायचा, हा नियम. त्यामुळे उगाच ठोकलं की आजी माझ्या हातावर चापट मारायची. म्हणायची, आता शेजारणीसाठी चहा कोण करणार, तू?

हे सगळं मी मावशीला हसत सांगत होते, तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. ठक. थोडं थांबून, ठक.

"दगड आहे," मी म्हटलं. "आवाज फिरून येतो कधीकधी."

आवाज इतक्या उशिरानं फिरून येत नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मावशी फुटलेली बशी गोळा करायला खाली वाकली. "झालं," एवढंच ती म्हणाली.

२

घर 'एफ'च आलं. त्या भिंतीनं सगळा घात केला होता. भिंतीला आतून फोमचे जाड बोर्ड लावले आणि उघडं धुराडं बंद केलं, तर मात्र काम होण्यासारखं होतं. बॅरीला खर्चाचं पटवायचं म्हणून नोव्हेंबरात एका सकाळी मी त्याला तिथं बोलावलं. कडाक्याच्या थंडीनं दव गोठलं होतं, असं हवामान लागतंच मला. माझ्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा आहे. गार ते निळं-काळं, गरम ते पिवळं.

आधी मी नेहमीची जादू केली. ओळीच्या भिंतीवर पंजा टेकवला, उचलला, आणि बॅरीसमोर कॅमेऱ्याचा पडदा धरला. दगडावर माझा पिवळा पंजा उमटला होता, पाचही बोटांसकट. बघता बघता तो पुसट झाला आणि गेला.

"अरे वा!" बॅरी पोरासारखा खूश झाला. "आपण नुसतं टेकलो तरी कळतं?"

"कळतं. जरा वेळानं जातं."

मग आम्ही कोपऱ्यावरून वळून कडेच्या भिंतीसमोर आलो. पाडलेल्या घराच्या खुणा तिथं अजून आहेत. जिन्याची तिरकी रेघ, वरच्या मजल्यावर अधांतरी लोंबणारी फायरप्लेसची गंजकी जाळी, एका कोपऱ्यात निळ्या रंगाचा टवका. कुणाच्या तरी निजायच्या खोलीचा रंग. कितीही वेळा बघितलं तरी मला ते उघडं पडलेलं आवडत नाही.

मी कॅमेरा वर केला. सगळी भिंत निळी आणि मध्ये एक पिवळा डाग.

बॅरी म्हणाला, "कुणीतरी बसलंय वाटतं."

खरंच तसंच होतं. डोकं, उतरते खांदे, रुंद पाठ. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाची पाठ.

"कोणी बेघर बसून गेला असेल गं रात्री."

"हो, असेल," मी म्हटलं आणि मग मान वर करून नीट बघितलं. त्या पलीकडच्या घराची जमीन चढाच्या वरच्या पातळीला होती. घर पाडलं, माती खरवडून नेली, आता आम्ही उभे होतो ती जागा खूप खाली होती. तो डाग आमच्या डोक्यांच्याही वर होता. तिथं बसायला काही नव्हतंच. नुसती हवा.

मी तो डाग विरायची वाट बघत राहिले. बॅरीनं एक सिगारेट संपवली, दुसरी पेटवली. डाग जागचा हलला नाही.

"बरोबर त्याच्यामागे मावशीची खुर्ची आहे," मी शेवटी म्हटलं. "तिची ऊब भिंतीतून बाहेर येतेय."

"एवढ्या जाड दगडातून?"

"वर्षानुवर्षं टेकून बसलं तर येईल की."

"बाप रे. म्हणजे म्हातारी सगळं खोरं तापवतेय." तो हसला. "लाव बाई तुझे बोर्ड."

मीही हसले. पण गाडीत बसल्यावर आठवलं, की मावशी सुकून काडी झालीय. ती पाठ रुंद होती.

३

मावशीला पटवताना माझ्या नाकी नऊ आले.

"नको ते बोर्ड. मला काही गार वाटत नाही."

"तुला वाटो न वाटो, त्या भिंतीतून घरातली ऊब बाहेर जाते, मावशी."

"जाते ना? जाऊ दे. मी देते म्हणून जाते."

"कुणाला देतेस?"

ती खुर्चीत मागे टेकली. "शेजारणीला. ती तिकडून टेकते, मी इकडून. पाठीला पाठ. घर पाडायला माणसं आली, दगड न् दगड उचलून नेला, पण तिला कुणी सांगितलंच नाही. मी काही बोलावत नाही हो तिला. आई म्हणायची, गेलेल्या माणसाला आत घ्यायचं नसतं. पण ऊब द्यायला काय जातंय? तेवढ्यावर भागतं बिचारीचं."

मला गलबलून आलं. भीतीबिती नाही, वाईट वाटलं. एकटं राहून राहून माणसाचं असं होतं, असं मला वाटलं, आणि तेच खरं, असं मी स्वतःला बजावलं. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"मावशी, ऐक माझं. बोर्ड लावले नाहीत तर बॅरी घर विकणार. तुला हॅलिफॅक्सच्या वृद्धाश्रमात जावं लागेल. तिथं संध्याकाळच्या जेवणाला उकडलेले वाटाणे देतात म्हणे, तेही गार."

"मी इथंच मरणार आहे."

"मग लाव ना बोर्ड!"

तिनं माझा गाल कुरवाळला. तिचा हात तेव्हा ऊनऊन होता, हे मला चांगलं आठवतं. "तुझ्या जिवाला लागलंय म्हणून हो म्हणते. पण तिची ऊब आता बंद होणार आणि वर तू ठोकूनही बसलीस. आता काय होईल ते होवो."

डिसेंबरात दोघं कामगार आले आणि काम उरकून गेले. धुराडं बंद, फायरप्लेस झाकली, भिंतीवर बोर्ड, वर गुळगुळीत पांढरा गिलावा. नवीन बॉयलरही बसवला. त्यातला थोरला, डेझमंड नावाचा, गमत्या माणूस, पण बिल द्यायला आला तेव्हा घुम्यासारखा बसून होता.

"काय रे, काम नीट झालं ना?"

"झालं. पण शेवटचा बोर्ड बसवताना मागून कुणीतरी ठोकत होतं. मला वाटलं हा माझा जोडीदार, त्याला वाटलं मी." त्यानं हात चोळले. "आणि बोटं अशी बधिर झाली म्हणून सांगू, अजून नीट पेन धरता येत नाही."

"हिवाळा आहे, हातमोजे घालत जा," मी म्हटलं. मी अशी कारणं द्यायला फार पटाईत आहे.

४

ख्रिसमसमध्ये मावशीनं फोन उचलला नाही. एकदा उचलला तर म्हणाली, "येऊ नकोस गं इतक्यात, मला सर्दी आहे." आवाज दातांवर दात आपटल्यासारखा येत होता. जानेवारीत बॅरीनं नव्या दाखल्यासाठी तगादा लावला, तेव्हा मी न विचारताच दुपारची गेले.

दार उघडताच गरम हवेचा भपकारा तोंडावर आला. रेडिएटरला हात लावला तर चटका बसला. माझा कोट मी दारातच उतरवला, इतकं उकडत होतं. मनात म्हटलं, बघ लिनेट, उगाच घाबरत होतीस. छान काम झालंय.

मग खोलीत गेले.

मावशी ओव्हरकोट घालून, वर दोन शाली लपेटून बसली होती. तिच्या तोंडातून वाफ निघत होती. त्या भट्टीत! बोटांच्या टोकांना जांभळट रंग चढला होता. तिची खुर्ची आता भिंतीपाशी नव्हती, खोलीच्या मधोमध होती, आणि तिच्यासमोर जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यापुढच्या स्टुलावर भरलेला कप. मी कपात डोकावले. चहावर बर्फाची पापडी धरली होती.

"मावशी! अगं हे काय होऊन बसलंय तुझं? थांब, मी डॉक्टरला बोलावते."

"तो येऊन गेला. म्हणतो घर छान गरम आहे, तुम्ही नीट जेवत नाही." ती हसायला गेली, ओठ फुटले. "तू कशाला आलीस? नको म्हटलं होतं ना तुला?"

"बॉयलर..."

"बॉयलरला काय झालंय? नव्वद वर्षाची म्हातारीसुद्धा भाजून निघेल असा आहे तो. मला सोडून."

काय करावं कळेना, तेव्हा माणूस सवयीचं काम करतो. मी कॅमेरा काढला. नव्या भिंतीवर धरला. भिंत एकसारखी पिवळी, बोर्ड अगदी निर्दोष, कुठे फट नाही. असं काम बघून मला एरवी आनंद झाला असता.

त्या पिवळ्यावर, झाकलेल्या फायरप्लेसशेजारी, एक काळा पंजा उमटला होता. पाचही बोटांसकट.

त्याच्यापुढे हातभर अंतरावर दुसरा. मग तिसरा. आंधळं माणूस भिंत चाचपत जातं ना, तसे. ते मागून पुसट होत होते, जसा माझा पंजा झाला होता. मी कॅमेरा त्यांच्या मागोमाग सरकवत गेले. मी स्वतःशी म्हणत होते, ओल असेल, गिलावा अजून वाळला नसेल, आणि त्याच वेळी मला पक्कं ठाऊक होतं, की ओलीला बोटं नसतात. शेवटचे पंजे काळेकुट्ट होते. ताजे. ते भिंत सोडून दाराच्या चौकटीवर आले होते, मी आत्ता जिथून आले होते तिथं.

मी कॅमेरा त्या रिकाम्या खुर्चीकडे वळवला. तिथं आता काळं काही नव्हतं. बसून उठल्यासारखा नुसता विरत चाललेला डाग होता.

"मावशी," मी म्हटलं. "ती कुठं आहे?"

मावशी माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या मागे बघत होती.

काचेच्या कपाटात मी उभी दिसत होते, मागे रिकामी खोली. कॅमेऱ्याचा पडदा मात्र माझ्या हातात होता. मी कॅमेरा फक्त जरासा त्या काचेकडे तिरका केला. माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, काळे उतरते खांदे होते आणि त्यावरचं डोकं माझ्याकडे वाकलं होतं. मी कॅमेरा बंद केला. आणखी काही बघितलं नाही, आणि बघायचंही नव्हतं.

५

"बस," मावशी म्हणाली.

मी बसले. मानेवर गार वारा यावा तसं होत होतं, पण खिडक्या बंद होत्या, धुराडं बंद होतं. सगळं मीच तर बंद करून घेतलं होतं.

"बोर्ड काढून टाकते," मी म्हटलं. "आत्ता. हातानं उचकटते."

"म्हणजे मी हॅलिफॅक्सला. आणि ती परत भिंतीत जाईल असं वाटतं तुला? आत बोलावलेलं माणूस असं जात नाही गं."

"मग काय करायचं?"

ती शालीचं टोक चुरगाळत राहिली. मग माझ्या एकदम लक्षात आलं, की ती काहीतरी लपवतेय. शाळेत ताटलीत काय आहे ते सांगायची नाही तेव्हा तिचा चेहरा असाच व्हायचा.

"मावशी, खरं सांग."

"काही नाही."

"सांग म्हणते ना!"

"मी रोज चहा करते," मावशी हळूच म्हणाली. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. ती पीत नाही. पिणार कशी? माझा नाही ना तो. मी ठोकलंच नव्हतं." डोळ्यांतलं पाणी तिनं शालीनं टिपलं. "ती वाट बघत बसते. बसते तोवर तिला गार वाटतं. गार वाटतं म्हणून माझ्याकडून घेते. लोभानं नाही हो, बिचारी लाजते."

मला सगळं समजलं. म्हणून ती फोनवर नको म्हणत होती. म्हणून ते सर्दीचं निमित्त.

"तू मला का नाही बोलावलंस?"

"तुझं अजून वय आहे बाळ. माझं काय, आज ना उद्या..."

मी जे केलं ते फार धीरानं केलं असं कुणी समजू नका. मला दारातून धूम पळायचं होतं. गाडी काढायची, खोरं सोडायचं, परत कधी या रस्त्याला वळायचं नाही. मी उठलेसुद्धा. मी गेले असते तर मावशी त्या नवीन गरम घरात, चांगला दाखला मिळालेल्या घरात, गारठून मेली असती. डॉक्टरनं लिहिलं असतं, वय झालं होतं. बॅरीला वाईट वाटलं असतं. तिनं मात्र मरेपर्यंत माझं नाव घेतलं नसतं.

मी चहाचा तो गोठलेला कप उचलला आणि मोरीत ओतला. मग खोलीच्या मधोमध उभी राहिले. कुठं बघून बोलायचं ते कळत नव्हतं, म्हणून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "ठोकलं मी. तुम्हाला इतके दिवस खोळंबून ठेवलं. चला माझ्याकडे, चहा करते."

"लिनेट!" मावशी ओरडली. "नाही! घे परत शब्द!"

"गप्प बस मावशी. खा मुकाट्यानं."

काय बोलले मी तेही मला कळलं नाही, पण ती रडता रडता हसली. मी माझा कोट उचलला आणि पुढचं दार उघडं धरलं. पाहुणा बाहेर पडेपर्यंत दार धरायचं असतं, तेवढा वेळ धरलं. दाराची मूठ हातात इतकी गार पडली की कातडी चिकटली.

मागे खोलीत मावशीनं मोठा श्वास सोडला. मी वळून बघितलं. तिच्या तोंडातून वाफ निघाली नाही. तिनं शाल खांद्यावरून खाली ढकलली, मग दुसरी, आणि नवल वाटल्यासारखं म्हणाली, "अगं बाई. केवढं उकडतंय इथं."

मी तिच्याकडे परत गेले नाही. जवळ जायचं मला धाडस झालं नाही.

६

चढावरून खाली येताना मी रेडिओ लावला, पण आवाज मोठा केला नाही. बॅरीला फोन केला.

"'सी' आलंय. मावशीला हलवायचं नाही, समजलं? अजिबात नाही."

"'सी'? लिनेट, तू सोन्यासारखी बाई आहेस! कधीतरी चहाला ये."

"सध्या माझ्याकडेच पाहुणे आहेत," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

उजेड मावळत होता. समोरची काच स्वच्छ होती, माझ्या बाजूची खिडकीही. शेजारच्या सीटच्या खिडकीवर मात्र आतून नक्षी चढायला लागली होती, कडेपासून मध्याकडे. बाहेर थंडी आहे, मी मनात म्हटलं. काचा गोठतात थंडीत. गोठतात त्या बाहेरून, हेही मनातच म्हटलं.

माझं घर मी स्वतः सजवलंय. दोन काचांच्या खिडक्या, माळ्यावर जाड लोकर, एकाही भिंतीला फट नाही. 'बी' श्रेणी. सगळ्या खोऱ्यात याच्याइतकं ऊब धरून ठेवणारं घर नाही, असं मी लोकांना मिरवून सांगते. आत आलेलं काही सहसा बाहेर जात नाही.

गावच्या पुलापाशी गाडीनं पिंग पिंग सुरू केलं. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. शेजारी कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की ही गाडी असा आवाज करते. सीटवर माझी पर्ससुद्धा नव्हती. ती मागे होती.

मी जरा वेळ तसंच जाऊ दिलं. पिंग पिंग थांबेना. शेवटी चॅपलसमोर गाडी कडेला घेतली, नजर रस्त्यावर ठेवली, हात लांब केला, पट्टा ओढला आणि लावला. हात कोपरापर्यंत बधिर झाला. आवाज थांबला.

मी हीटर शेवटपर्यंत वर केला. काहीतरी बोलायला हवं होतं. पाहुण्याशी बोलायचं असतं.

"साखर किती घालू तुम्हाला?" मी विचारलं.

शेजारच्या काचेवर आतून आवाज आला. ठक. थोडं थांबून, ठक.